वोनांबीचं कूळ

ऑस्ट्रेलियात एकेकाळी वावरणाऱ्या अजस्र घोरपडीला, म्हणजे मेगालेनियाला, शास्त्रीय नाव मिळालं १८५९ मध्ये. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी ते दिलं. ज्या खंडात आजही सापांची एवढी रेलचेल आहे, तिथल्या नामशेष सापाला मात्र पहिलं नाव मिळायला १९७६ साल उजाडावं लागलं. मधली ११७ वर्षं या खंडातून हाडं निघतच होती. डायप्रोटोडॉनसारख्या गेंड्याएवढ्या शिशुधान प्राण्यांची, आखूड तोंडाच्या महाकाय कांगारूंची, थायलकोलिओ या पिशवीवाल्या शिकाऱ्याची. मांडीचं भलंमोठं हाड मातीतून डोकावलं की कोणाचंही लक्ष जातं. सापाचं तसं होत नाही. त्याच्या कवटीची हाडं एकमेकांशी सैल जोडलेली असतात, मेल्यावर ती विखुरतात आणि पातळ असल्यामुळे टिकतही नाहीत. मागे उरतात ते मणके. एका सापाच्या अंगात ते दोनशे-तीनशे किंवा त्याहूनही जास्त असतात, पण मिळताना बहुधा सुटे मिळतात. महाकाय सापांच्या शोधाची सगळी कहाणी या सुट्या मणक्यांवर उभी आहे.

ॲडलेडहून आग्नेयेला, माउंट गॅम्बियरच्या वाटेवर नॅराकूर्ट नावाचं गाव लागतं. आसपास चुनखडीचा प्रदेश, जमिनीखाली गुहाच गुहा. त्यांतली व्हिक्टोरिया गुहा बऱ्याच आधीपासून पर्यटकांना दाखवली जायची. १९६९ मध्ये रॉड वेल्स आणि ग्रँट गार्ट्रेल हे गुहाशोधक तिच्यातल्या अरुंद वाटांनी सरपटत पुढे गेले आणि एका मोठ्या दालनात पोचले. तिथल्या लाल मातीच्या थरात हाडांचा खच पडला होता. छताला कधीकाळी भोक पडलेलं, त्यातून वरचे प्राणी खाली कोसळायचे आणि त्यांना बाहेर पडता यायचं नाही. नॅराकूर्टच्या गुहांमध्ये मिळून सुमारे पाच लाख वर्षांचा असा संचय आहे. १९९४ मध्ये ही जागा आणि क्वीन्सलंडमधलं रिव्हर्सली या दोन्हींना मिळून जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

वेल्स पुढे फ्लिंडर्स विद्यापीठात याच विषयाचे जाणकार झाले. पण सापाच्या दृष्टीनं महत्त्वाचं काम मेरेडिथ स्मिथ यांचं. मोठ्या प्राण्यांवर सगळ्यांची नजर असताना त्या या गुहेतल्या सरडे-सापांच्या हाडांचा अभ्यास करत होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९७६ साली त्यांचा निबंध आला. विषय लहान पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा. त्या मालिकेतला सरपटणाऱ्या प्राण्यांचा भाग त्यांनी लिहिला आणि पाच-सहा मीटर लांबीचा साप त्यातून पुढे आला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं वोनांबी नॅराकूर्टेन्सिस. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पिट्यंट्यट्यारा लोकांच्या श्रद्धेनुसार पाणवठ्यात राहणारा, त्याची राखण करणारा जो महासर्प, त्याचं हे नाव. उलुरूच्या पायथ्याशी मुटिट्युलू नावाचा पाणवठा आहे; तिथेही या महासर्पाचा वास असल्याचं तिथले लोक मानतात.

स्मिथ यांना मणक्यांत जे दिसलं त्यामुळे वोनांबी ऑस्ट्रेलियापुरता राहिला नाही. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूला एक पाचर असते आणि मागच्या बाजूला तशीच खाच. एका मणक्याची पाचर पुढच्याच्या खाचेत बसते, म्हणून साप इतका वळतो तरी त्याचा कणा पिळवटत नाही. ही रचना सगळ्याच सापांत आहे. पण वोनांबीच्या मणक्यात खाचेच्या दोन्ही अंगांना बारीक छिद्रं होती आणि आजच्या अजगरांच्या मणक्यांना पुढच्या सांध्याखाली जो छोटा सुळका असतो तो नव्हता. ही खूण आधी पाहिलेली होती, तीही थेट दक्षिण अमेरिकेत.

जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९३३ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातून आलेल्या एका मोठ्या सापाला मॅडसोइया हे नाव दिलं होतं. त्याही आधी, १९०१ मध्ये, चार्ल्स अँड्र्यूज यांनी इजिप्तच्या फयूममधून आलेल्या मणक्यांवरून जायगँटोफिस नावाचा महासर्प जगासमोर आणला होता. पुढे रॉबेर ऑफस्टेटर यांनी मादागास्करमधल्या सापाचा अभ्यास करताना १९६१ मध्ये हे सगळे एका घराण्यात आणले. आज त्या घराण्याला मॅडसोइडी म्हणतात. वोनांबी याच घराण्यातला. फरक एवढाच, की पॅटागोनिया, इजिप्त, मादागास्कर इथले त्याचे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते, आणि हा मात्र परवा-परवापर्यंत, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानं परवा-परवापर्यंत, नॅराकूर्टच्या रानात फिरत होता.

मला या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. महाकाय साप म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लांबी किती? वर्तमानपत्रांचे मथळेही तिच्यावरच बेततात. पण वोनांबी लांबीत कोणाशीच स्पर्धा करू शकत नाही. त्याचं थोरपण टिकण्यात आहे. डायनोसॉरांच्या काळात उगम पावलेलं घराणं, आणि त्याचा आतापर्यंत सापडलेला सर्वांत अलीकडचा वंशज हा. माणूस ऑस्ट्रेलियात पोचला तेव्हा तो जिवंत होता असं मानायला जागा आहे.

लांबीबद्दल बोलायचंच तर जायगँटोफिसचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. सुमारे दहा मीटरचा, जगातला सर्वांत लांब साप म्हणून त्याची ख्याती होती. २०१७ मध्ये त्याचे मणके नव्यानं मोजले गेले आणि लांबी सात मीटरच्याही किंचित आत आली. हाडं तीच, हिशेब बदलला. सबंध सांगाडा मिळत नाही, तेव्हा एखाद्या मणक्याची रुंदी मोजायची, तो अंगाच्या कुठल्या भागातला हे ठरवायचं, आजच्या सापांच्या मोजमापांशी ताडून पाहायचं आणि मग आकडा काढायचा. कोलंबियाच्या सेरेहोन कोळसा खाणीतला टायटॅनोबोआ २००९ मध्ये पुढे आला, त्याची अंदाजी लांबी १२.८ मीटर. कच्छमधल्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतल्या वासुकी इंडिकसची लांबी २०२४ मध्ये देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी १०.९ ते १५.२ मीटर अशी मांडली, २७ मणक्यांवरून. १०.९ आणि १५.२ यांत मीटरभराचं नव्हे, चांगलं चार मीटरहून जास्त अंतर आहे. संशोधकांनी ते अंतर लपवलं नाही हे त्यांचं प्रामाणिकपण. पण बातम्यांत फक्त मोठा आकडा राहिला.

वासुकीही मॅडसोइडी घराण्यातलाच. म्हणजे नॅराकूर्टच्या सापाचा मागोवा घेत गेलं की वाट भारतात येते, आणि भारतात आली की महाराष्ट्रातही येते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं तिथलं कॉलेज आहे, त्यांनी तिथून जीवाश्म गोळा केले होते. पिसदुऱ्याची कीर्ती मुख्यतः डायनोसॉरची हाडं आणि डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे यांमुळे. २००५ मध्ये त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्यानं डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे सिद्ध झालं. त्याच मातीतून आलेल्या मणक्यांवरून २०११ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांचे अमेरिकी सहकारी जेसन हेड व जेफ्री विल्सन यांनी मॅडसोइया पिसदुरेन्सिस ही जात जाहीर केली. सिम्पसननं पॅटागोनियात ज्याला मॅडसोइया म्हटलं, त्याच वंशाचा एक साप डेक्कनचे लाव्हारस पसरण्याच्या सुमारास विदर्भात होता.

मोहबे यांच्याच हातून याहून विलक्षण गोष्ट गेली आहे. गुजरातमधल्या ढोली डुंगरीहून त्यांनी १९८० च्या दशकात डायनोसॉरचं एक घरटं मिळवलं. त्यात अंडी होती आणि काही हाडं होती, ती सगळी पिलाची असं समजलं गेलं. २००१ मध्ये विल्सन ते पाहायला आले आणि त्यांना मणक्यांवर सापाची ती ओळखीची जोडणी दिसली. नीट साफ केल्यावर दृश्य उलगडलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी नुकतं बाहेर पडलेलं अर्धा मीटर लांबीचं डायनोसॉरचं पिलू. २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. काळ सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. हा सापही मॅडसोइडींच्या जवळचा मानला जातो. एरवी हे प्राचीन साप काय खात असतील याचा अंदाज कवटीवरूनच बांधावा लागतो. ढोली डुंगरीत मात्र तो शिकारीच्या जागीच गाडला गेला.

भारत ऑस्ट्रेलियापासून बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीच विलग व्हायला लागला होता. त्यामुळे पिसदुऱ्याचा साप नॅराकूर्टच्या सापाचा बाप नव्हे, लांबचा चुलता म्हणता येईल. ऑस्ट्रेलियातल्या सापांची वाट दुसऱ्या बाजूनं जाते. क्वीन्सलंडच्या आग्नेयेला मर्गन गावाजवळ टिंगामारा नावाचं ठिकाण आहे. तिथल्या साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या मातीतून मायकेल आर्चर आणि हेंक गॉडथेल्प यांच्या चमूनं ऑस्ट्रेलियातले सर्वांत जुने शिशुधान प्राणी मिळवले. त्याच मातीत सापांचे बारके मणके होते. जॉन स्कॅनलन यांनी ते तपासले तेव्हा ते दोन वंशांशी जुळले, अलामिटोफिस आणि पॅटागोनियोफिस. दोन्ही वंश आधी अर्जेंटिनातून आद्रियाना अल्बिनो यांनी १९८६ मध्ये वर्णिलेले! तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया सलग होते, आणि अंटार्क्टिकावर बर्फाऐवजी जंगल होतं. साप त्या जंगलातून इकडे-तिकडे गेले. कांगारूंच्या पूर्वजांचाही मार्ग हाच.

स्कॅनलन यांचं नाव इथून पुढे वारंवार येतं. ऑस्ट्रेलियातल्या या घराण्याचं बरंचसं चित्र त्या एका माणसाच्या चिकाटीतून उभं राहिलं आहे. नॉर्दर्न टेरिटरीतल्या बुलक क्रीकच्या सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून आलेल्या मोठ्या सापाला त्यांनी १९९२ मध्ये युर्लुंगूर नाव दिलं. हेही आर्नहेम लँडमधल्या योल्ङू लोकांच्या महासर्पाचं नाव. त्या कथेत दोन बहिणी त्याच्या पाणवठ्याशी येतात, तो त्यांना मुलासकट गिळतो आणि पुढे ओकून टाकतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांनी ती १९३७ मधल्या आपल्या पुस्तकात नोंदवली.

खरा खजिना होता रिव्हर्सलीत. क्वीन्सलंडच्या वायव्येला, ग्रेगरी नदीजवळ, वान्यी लोकांच्या भूमीत. आज तिथे रखरखीत माळ आहे. अडीच कोटी वर्षांपूर्वी चुनखडीच्या तळ्यांभोवती घनदाट रान होतं. आर्चर यांचा चमू १९७० च्या दशकापासून तिथे जातो आहे. चुनखडीचे धोंडे फोडून आणायचे आणि सौम्य ॲसेटिक आम्लात ठेवायचे, म्हणजे चुना विरघळून हाड मोकळं होतं. छिन्नी-हातोड्यानं चुरा झाला असता असं नाजूक हाडही या पद्धतीनं शाबूत निघतं. म्हणूनच जगात दुर्मीळ असलेली गोष्ट इथे मिळाली. युर्लुंगूरची जवळजवळ पूर्ण कवटी, दाबली न गेलेली. ती २००६ मध्ये स्कॅनलन यांनी ‘नेचर’ मध्ये मांडली. नॅराकूर्टमध्येही वोनांबीच्या कवटीचे काही तुकडे मिळाले होते. हेन्श्के खाणीतल्या गुहेतून मिळालेल्या अशा भागांचं वर्णन जॉन बॅरी यांनी १९९० मध्ये केलं होतं. त्यांच्या सन्मानार्थ रिव्हर्सलीतल्या वोनांबीच्या जुन्या जातीला वोनांबी बॅरीआय म्हणतात. याच खडकांत नानोवाना नावाचे छोटेखानी मॅडसोइडही निघाले. म्हणजे हे घराणं फक्त धिप्पाडांचं नव्हतं.

कवट्या हाती आल्या आणि वाद पेटला. आजचा अजगर जबडा केवढा उघडतो ते आपण जाणतो. त्यामागे जबड्याच्या हाडांची बरीच गुंतागुंतीची, सैल मांडणी आहे. स्कॅनलन आणि मायकेल ली यांनी २००० मध्ये म्हटलं की वोनांबीच्या कवटीत ती मांडणी नाही. तो आजच्या सगळ्या सापांपेक्षा जुन्या शाखेतला आहे, आणि सापांचं नातं समुद्रातल्या मोसासॉर या नामशेष सरड्यांशी असावं या मताला त्यामुळे बळ मिळतं. ऑलिव्हिएर रीपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हाडं पुन्हा पाहून उलट मत दिलं. त्यांच्या मते वोनांबी मोठा आ वासणाऱ्या सापांमध्येच बसतो. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मला स्कॅनलन यांची बाजू अधिक पटते, ती मुख्यतः युर्लुंगूरच्या कवटीमुळे. पण तो भाग तज्ज्ञांचा. त्यातून निघणारा अर्थ मात्र कोणालाही थरारून टाकणारा आहे. गिळण्याच्या कथेतल्या सर्पाचं नाव ज्याला दिलं, त्या सापाला बहुधा आजच्या अजगराएवढं मोठं भक्ष्य गिळता येत नव्हतं.

२०१८ मध्ये अलेस्सांद्रो पाल्ची यांच्या चमूनं कवटीच्या आत, अंतर्कर्णाच्या पोकळीत डोकावून पाहिलं. क्ष-किरणांच्या सीटी स्कॅननं तिचा साचा तयार करून ८१ जातींच्या सापा-सरड्यांशी तो ताडला. कान हा तोल सांभाळणारा आणि जमिनीतली कंपनं टिपणारा अवयव. त्याच्या आकारावरून प्राणी कसा राहत होता हे कळतं. युर्लुंगूरचा कान काही पाणसापांशी जुळला, तसाच मातीत अर्धवट शिरून राहणाऱ्या काही सापांशीही. पाच-सहा मीटरचा साप, आणि तो ओल्या मातीत तोंड खुपसून राहणारा! वोनांबीच्या कानाचा साचा अपुरा मिळाला, पण जेवढा मिळाला तो निराळा होता, कुठल्याही एका राहणीला न बांधलेल्या प्राण्याचा.

ओल्या उत्तरेतला युर्लुंगूर आणि कोरड्या, थंड दक्षिणेतला वोनांबी यांच्या नशिबातला फरक यात दडला असेल का? ऑस्ट्रेलियाचं पाणी आटत गेलं, रानं मागे सरली. सर्वांत जास्त काळ टिकला तो दक्षिणेचा साप. टायटॅनोबोआच्या संशोधकांनी त्याच्या आकारावरून त्या काळचं सरासरी तापमान ३० ते ३४ अंश सेल्सिअस असावं असा हिशेब केला होता. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, तेव्हा मोठ्या सापाला मोठी ऊब लागते हे त्यामागचं तत्त्व. ऑस्ट्रेलियातले आजचे सर्वांत मोठे अजगर उष्ण ईशान्येतच राहतात. वोनांबीचे अवशेष मात्र नॅराकूर्टला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या गुहांत मिळतात, जिथे हिवाळा चांगला बोचरा असतो. पाच मीटरच्या सापानं तिथे कसा तग धरला, हे त्याच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठं कोडं आहे.

दरम्यान अजगरही ऑस्ट्रेलियात स्थिरावले होते, आशियाच्या बाजूनं येऊन. रिव्हर्सलीतला एक जुना अजगर १९८५ मध्ये वर्णिला गेला. वर्णन करणाऱ्यांत मेरेडिथ स्मिथ पुन्हा होत्याच. ईशान्य क्वीन्सलंडच्या ब्लफ डाउन्समधून, छत्तीस लाख वर्षांहून जुन्या थरातून, लिआसिस डुबुडिंगाला हा नऊ मीटरच्या आसपास अंदाजला गेलेला अजगर मिळाला. ऑस्ट्रेलियातला सर्वांत लांब साप शोधायचा तर मान त्याचा, वोनांबीचा नाही.

वोनांबी नाहीसा झाला सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी, डायप्रोटोडॉन वगैरेंच्या बरोबरच. माणसाच्या शिकारीनं आणि आगीनं, की हवामानानं, हा वाद तिथे आजही तावातावानं चालतो. एक गोष्ट मात्र वारंवार सांगितली जाते आणि तिच्याबद्दल सावध राहायला हवं. आदिवासींचा इंद्रधनुष्य-सर्प ही वोनांबीची आठवण आहे, असं म्हणतात. निरनिराळ्या जमातींच्या या सर्पांना एका नावाखाली आणलं रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९२६ च्या निबंधात. पॉल टासॉन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आर्नहेम लँडमधल्या गुहाचित्रांचा अभ्यास करून दाखवलं की तिथल्या चित्रांत हा सर्प अवतरतो चार ते सहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगानंतर समुद्र चढून किनारे बुडाले त्यानंतर. त्याची सर्वांत जुनी रूपं त्यांना समुद्रातल्या एका नळीतोंड्या माशासारखी वाटली. मधली चाळीस-पन्नास हजार वर्षं ओलांडून आठवण पोचली असं म्हणायला पुरावा नाही. त्या लोकांची श्रद्धा जीवाश्मांच्या आधारावर उभी नाही, तिला तशा आधाराची गरजही नाही. नावं त्यांनी दिली नाहीत, शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून घेतली. ऋण त्या बाजूचं आहे.

या कुळात एक मोठी फट राहिली आहे. टिंगामाराचे साप साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आणि बारके. रिव्हर्सलीतले अडीच कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांत पाच-सहा मीटरचे. मधल्या तीन कोटी वर्षांतले जमिनीवरच्या पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म ऑस्ट्रेलियात जवळजवळ नाहीतच. याच काळात ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून सुटला, याच काळात जगातले बाकीचे बहुतेक मॅडसोइड संपले. वोनांबीचे पूर्वज टिंगामाराच्या छोट्या सापांतून वाढले, की एखादं मोठं भावंड पॅटागोनियाहून त्यांच्या बरोबरीनंच आलं होतं, हे त्या काळातला एखादा मणका मिळाल्याशिवाय ठरणार नाही. मणका हाती आला की खाचेच्या दोन्ही अंगांना छिद्रं आहेत का, एवढंच आधी पाहायचं.